कळा खऱ्या की खोट्या, दवाखान्यात कधी निघायचं? आणि बाळंतपणाचा मनावर आघात होतो म्हणजे नेमकं काय?

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी ब्रिटनच्या संसदेत हुजूर पक्षाच्या खासदार थिओ क्लार्क बोलायला उभ्या राहिल्या. विषय होता बाळंतपणातला आघात. बोलता बोलता त्यांना रडू आवरेना, कारण त्या स्वतःच्याच बाळंतपणाबद्दल सांगत होत्या. २०२२ मध्ये त्यांना मुलगी झाली. चाळीस तास कळा, प्रसूतीत झालेली गंभीर इजा, त्यानंतरचा रक्तस्राव आणि पूर्ण भूल न देता, शुद्धीत असताना झालेली दोन तासांची शस्त्रक्रिया. आता आपण मरणार, असं त्या वेळी वाटल्याचं त्यांनी सभागृहात सांगितलं.

त्यानंतर ब्रिटनमध्ये सर्वपक्षीय खासदारांच्या गटाने चौकशी केली. १,३०० हून जास्त लोकांनी आपले अनुभव लिहून पाठवले. मे २०२४ मध्ये अहवाल आला आणि त्याच्या नावाचा अर्थच होता 'आयांचं ऐका'. अनेक अनुभवांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. बाई सांगत होती की काहीतरी बिनसलंय, पण तिचं म्हणणं कुणी गांभीर्याने घेतलं नाही.

आपल्याकडे बाळंतपणाला बाईचा दुसरा जन्म म्हणतात. व्हॉट्सॲपवर 'बाळ-बाळंतीण सुखरूप' असा मेसेज आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण त्या 'सुखरूप' बाईला महिनाभर रात्री झोप लागत नसेल, लेबर रूममधला प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नसेल, तर त्याला काय म्हणायचं? आणि हे टाळायचं असेल, तर कळा सुरू होण्याच्या वेळेपासून काय लक्षात ठेवायला हवं?

एकेक करून समजून घेऊया.

'नऊ महिने नऊ दिवस' म्हणजे नेमकी कोणती तारीख?

डॉक्टर जी तारीख देतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून काढलेली असते. आपल्या 'नऊ महिने नऊ दिवस' या हिशोबाच्या ती बरीच जवळ जाते.

पण ही तारीख म्हणजे अंदाज आहे. शंभरातल्या साधारण चार-पाच बाळांचाच जन्म नेमका त्या तारखेला होतो. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवड्यांपर्यंत कधीही प्रसूती होऊ शकते. म्हणून 'तारखेला अजून पंधरा दिवस आहेत, या काही खऱ्या कळा नाहीत' हा तर्क चुकीचा ठरू शकतो. निर्णय तारखेवरून नाही, तर लक्षणांवरून घ्यायचा असतो.

३७ आठवड्यांच्या आधी नियमित कळा सुरू झाल्या, तर घरी थांबून वाट बघायची नसते. बाळ लवकर जन्माला येण्याची शक्यता असेल, तर त्याच्या फुफ्फुसांची वाढ लवकर व्हावी म्हणून आईला इंजेक्शन देता येतं. त्याचा उपयोग व्हायला थोडा वेळ हातात असावा लागतो.

खऱ्या कळा आणि खोट्या कळा कशा ओळखायच्या?

शेवटच्या महिन्यांत पोट मधूनच कडक होतं आणि परत सैल पडतं. या 'खोट्या कळा'. १८७२ मध्ये जॉन ब्रॅक्सटन हिक्स या इंग्लिश डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून वैद्यकीय भाषेत त्यांना 'ब्रॅक्सटन हिक्स' कळा म्हणतात. नाव खोट्या असलं तरी त्या बाईच्या मनाच्या नसतात. गर्भाशय खरंच आकुंचन पावत असतं. फक्त त्यामुळे गर्भाशयाचं तोंड उघडत नाही.

फरक असा पाहायचा:

- खोट्या कळा अनियमित असतात. एक आली, मग वीस मिनिटांनी दुसरी, मग तासभर काहीच नाही. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात आणि हे अंतर कमी कमी होत जातं.
- खोट्या कळांचा जोर तेवढाच राहतो किंवा कमी होतो. खऱ्या कळा वाढत जातात आणि जास्त वेळ टिकतात.
- कूस बदलली, थोडं चाललं, पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं की खोट्या कळा बऱ्याचदा थांबतात. खऱ्या कळा काहीही केलं तरी थांबत नाहीत.
- खोट्या कळा बहुतेक वेळा पोटाच्या पुढच्या भागात जाणवतात. खरी कळ अनेकींना कंबरेतून सुरू होऊन ओटीपोटाकडे येताना जाणवते.

पोटावर हात ठेवून पाहिलं तरी अंदाज येतो. कळ आली की पोट दगडासारखं कडक होतं आणि ओसरली की पुन्हा मऊ पडतं. दोन कळांच्या मध्ये पोट मऊ पडायलाच हवं. ते सतत कडक राहत असेल आणि दुखणं थांबतच नसेल, तर ती साधी कळ नाही. वार आधीच सुटण्यासारखं गंभीर कारण त्यामागे असू शकतं. अशा वेळी लगेच निघायचं.

कळा मोजायच्या कशा?

मोबाइलमधलं घड्याळ पुरेसं आहे. एक कळ सुरू झाली ती वेळ लिहा, ती किती सेकंद टिकली ते लिहा आणि पुढची कळ सुरू झाली ती वेळ लिहा. अंतर मोजायचं ते एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. पहिली संपल्यापासून नाही.

पहिलं बाळंतपण असेल, दिवस पूर्ण भरलेले असतील, काही गुंतागुंत नसेल आणि दवाखाना जवळ असेल, तर एक ढोबळ नियम सांगितला जातो. दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ साधारण एक मिनिटाची आणि हे तासभर चालू असेल, तर निघायचं.

मात्र हा नियम सगळ्यांसाठी नाही. दुसरं-तिसरं बाळंतपण बऱ्याचदा झपाट्याने पुढे सरकतं, त्यामुळे आधी निघावं लागतं. दवाखाना दीड-दोन तासांवर असेल, पावसाळ्यात रस्ता बंद होत असेल, आधीचं सिझेरियन असेल, जुळी असतील, रक्तदाब किंवा साखर वाढलेली असेल, बाळ पायाळू असेल, तर डॉक्टरांनी जे वेगळं सांगितलं असेल तेच पाळायचं. बहुतेक वेळा ते 'कळा नियमित वाटल्या की या' असंच असतं.

कळांच्या आधी शरीर कोणत्या खुणा देतं?

काहींना शेवटच्या आठवड्यांत पोट खाली उतरल्यासारखं वाटतं. श्वास घ्यायला थोडं मोकळं होतं, पण लघवीला वारंवार जावं लागतं. बाळाचं डोकं ओटीपोटात खाली सरकल्याची ही खूण आहे.

दुसरी खूण म्हणजे अंगावरून चिकट, शेंबडासारखा स्राव जाणं. त्यात गुलाबी किंवा तपकिरी रक्ताची झाक असू शकते. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला हा चिकट बोळा सुटला की तोंड उघडायला लागलंय, असा अंदाज करता येतो. पण त्यानंतर कळा काही तासांत येऊ शकतात किंवा काही दिवसांनीही. त्यामुळे फक्त यावरून घाबरून जायचं कारण नाही. मात्र ताजं लाल रक्त पाळीसारखं जात असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. तो धोका आहे.

पाणमोट फुटली तर?

सिनेमात नायिकेच्या पायाखाली एकदम पाण्याचं थारोळं होतं आणि धावपळ सुरू होते. प्रत्यक्षात बहुतेक बायकांना आधी कळा सुरू होतात आणि पाणमोट नंतर फुटते. दिवस भरलेल्या साधारण दहातल्या एकीला आधी पाणी जातं. तेही कधी भळकन, तर कधी थेंबथेंब. लघवी आहे की गर्भजल हे कळत नसेल, तर एक फरक लक्षात ठेवा. लघवी थोडा वेळ रोखता येते, पण गर्भजल रोखता येत नाही.

अशा वेळी तीन गोष्टी करायच्या. स्वच्छ पॅड लावायचं, किती वाजले ते लिहून ठेवायचं आणि पाण्याचा रंग पाहायचा. पाणी स्वच्छ किंवा फिकट पिवळसर असेल तर ते नेहमीचं. हिरवट किंवा तपकिरी असेल, तर बाळाने पोटातच शी केलेली असू शकते आणि त्याच्यावर लगेच लक्ष ठेवावं लागतं. कळा नसल्या तरी पाणी गेलं की दवाखान्याला कळवायचं आणि तपासून घ्यायचं, कारण जितका उशीर होतो तितकी जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

फार क्वचित पाण्याबरोबर नाळ खाली येते. योनीमार्गात नाळ दिसली किंवा हाताला लागली, तर ती आत ढकलायची नाही. बाईने गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवं होऊन डोकं खाली, कंबर वर अशा स्थितीत राहायचं आणि १०८ ला फोन करायचा. इथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

यापैकी काहीही झालं तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही

- अंगावरून ताजं लाल रक्त जाणं
- बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं
- असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर अचानक सूज, छातीच्या खाली पोटात वरच्या बाजूला दुखणं
- झटके येणं किंवा शुद्ध हरपणं
- ताप, थंडी, घाण वासाचं पाणी जाणं
- ३७ आठवड्यांच्या आधी कळा किंवा पाणी जाणं
- थांबता न थांबणारं पोटदुखीचं दुखणं

यातल्या बाळाच्या हालचालीबद्दल एक गैरसमज घट्ट आहे. 'दिवस भरले की बाळ शांत होतं, जागाच उरत नाही' असं घरोघरी सांगितलं जातं. हे खरं नाही. हालचालीची पद्धत थोडी बदलू शकते, पण बाळ शेवटपर्यंत हलत राहायला हवं. आईला नेहमीपेक्षा कमी जाणवत असेल, तर त्याच दिवशी बाळाचे ठोके तपासून घ्यायचे.

आणखी दोन गोष्टी टाळायच्या. कळा याव्यात म्हणून एरंडेल प्यायला देणं आणि घरी कुणाला तरी बोलावून 'कळांचं इंजेक्शन' घेणं. एरंडेलाने जुलाब होऊन ऐन बाळंतपणात अंगातलं पाणी कमी होतं. कळांचं इंजेक्शन तपासणीशिवाय, देखरेखीशिवाय दिलं तर बाळाचा ऑक्सिजन कमी होऊ शकतो आणि गर्भाशय फाटूही शकतं. तेच औषध दवाखान्यात मोजून दिलं जातं तेव्हा बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष असतं. फरक तिथे आहे.

'अजून वेळ आहे' असं सांगून घरी का पाठवतात?

कळा सुरू झाल्या म्हणून निघावं आणि तिथे तपासून 'अजून वेळ आहे, घरी जा' असं ऐकावं लागावं, हा अनुभव अनेकींचा असतो. यामागे वैद्यकीय कारण असतं.

प्रसूतीचे तीन टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचं तोंड हळूहळू दहा सेंटिमीटरपर्यंत उघडतं. दुसऱ्यात बाळ बाहेर येतं. तिसऱ्यात वार पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून पहिल्या टप्प्याचा 'सक्रिय' भाग सुरू होतो. त्याआधीचा काळ प्रत्येकीचा वेगळा असतो. कुणाचा काही तासांचा, तर कुणाचा त्याहून बराच मोठा. सक्रिय भाग मात्र पहिल्या खेपेला सहसा १२ तासांपेक्षा आणि पुढच्या खेपेला १० तासांपेक्षा जास्त लांबत नाही. बाळ बाहेर येण्याचा टप्पा पहिल्या खेपेला साधारण तीन तासांच्या आत, नंतर दोन तासांच्या आत पूर्ण होतो.

तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना नियमही याच सूचनांमध्ये बाजूला ठेवला गेला. काहींचं शरीर त्याहून सावकाश चालतं आणि आई-बाळ ठीक असतील, तर फक्त तेवढ्यावरून घाई करू नये, असं संघटना सांगते.

म्हणजे 'अजून वेळ आहे' हे उत्तर बरोबर असू शकतं. पण ते ऐकून परत फिरण्याआधी तीन प्रश्न विचारायलाच हवेत. तोंड किती उघडलंय? बाळाचे ठोके कसे आहेत? आणि नेमकं काय झालं तर, किती वेळात परत यायचं? घर लांब असेल तर तेही स्पष्ट सांगायचं. 'आमचं गाव दीड तासावर आहे' ही माहिती निर्णय बदलू शकते.

बाळंतपणातले 'तीन उशीर'

१९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी मातामृत्यूंबद्दल एक मांडणी केली. ती आजही जगभर वापरली जाते. बाई दगावते तेव्हा तीन पैकी एखादा तरी उशीर झालेला असतो, असं ती सांगते. पहिला उशीर घरात होतो. लक्षण ओळखण्यात आणि जायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यात होतो. तिसरा दवाखान्यात होतो, पोहोचल्यानंतर योग्य उपचार मिळायला.

पहिला उशीर कमी करण्याचा मार्ग म्हणजे वर सांगितलेल्या खुणा फक्त गरोदर बाईला नाही, तर घरातल्या प्रत्येकाला माहीत असणं. अनेक घरांत दवाखान्यात कधी निघायचं हे सासू, नवरा किंवा आई ठरवते. मग त्यांनाच खुणा ठाऊक नसतील तर?

दुसऱ्या उशिरासाठी महाराष्ट्रात १०८ आणि १०२ या मोफत रुग्णवाहिका सेवा आहेत. आदिवासी आणि दुर्गम भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' आहे. तिथे तारीख जवळ आली की बाई आधीच येऊन राहू शकते. २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घरून दवाखान्यात ने-आण मोफत आहे.

या सगळ्याचा परिणाम दिसतोय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशात ८८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्या. दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचं प्रमाण देशात २०१४-१६ मध्ये १३० होतं, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आलं. महाराष्ट्रात ते ३३ होतं.

जीव वाचण्याचं प्रमाण वाढलं, हे मोठं यश आहे. पण जीव वाचलेल्या बाईच्या मनाचं काय झालं, याची नोंद या आकड्यांत होत नाही.

बाळंतपणाचा आघात म्हणजे काय?

ज्या बाळंतपणात बाईला आपला किंवा बाळाचा जीव जातोय असं वाटलं, गंभीर इजा झाली किंवा आपल्या शरीरावर आपला काहीच ताबा उरला नाही अशी असहाय्यता आली, आणि तो अनुभव नंतरही तिची पाठ सोडत नाही, त्याला आघातदायी बाळंतपण म्हणतात.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आघात झाला की नाही हे फाइलमधल्या नोंदीवरून ठरत नाही. अमेरिकन अभ्यासक शेरिल बेक यांनी २००४ मध्ये नेमकं हेच दाखवलं. डॉक्टर-नर्सच्या दृष्टीने रोजच्यासारखी झालेली प्रसूती त्या बाईच्या दृष्टीने भयानक असू शकते. याउलट मोठी गुंतागुंत होऊनही, कुणीतरी शेवटपर्यंत हात धरून काय चाललंय ते सांगत राहिलं, तर मन सावरलेलं राहू शकतं.

हे मान्य व्हायला वेळ लागला. 'पीटीएसडी' म्हणजे आघातानंतरचा मानसिक ताणविकार, हे निदान अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये स्वीकारलं. तेव्हाच्या व्याख्येत घटना 'सामान्य मानवी अनुभवापलीकडची' असायला हवी, अशी अट होती. युद्ध किंवा भूकंप त्यात बसायचे. बाळंतपण तर घरोघरचं, ते कसं बसणार? १९९४ मध्ये ही अट गेली आणि प्रसूतीनंतरच्या पीटीएसडीवर अभ्यासाचा मार्ग मोकळा झाला.

२०१७ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार बाळंतपणानंतर शंभरातल्या साधारण चार बायकांना पीटीएसडी होतो. बाळ खूप लवकर जन्मलं, तातडीचं सिझेरियन झालं किंवा प्रसूतीत गंभीर गुंतागुंत झाली, अशा जास्त जोखमीच्या गटांत हे प्रमाण १८.५ टक्के निघालं.

याची लक्षणं कोणती?

लक्षणं चार प्रकारची असतात आणि ती महिन्याहून जास्त टिकतात.

पहिला प्रकार म्हणजे प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येणं. स्वप्नात, जागेपणी, हातमोज्यांचा वास आला तरी, दवाखान्याचा फोन आला तरी. आठवण येते एवढंच नाही, तर तो प्रसंग आत्ता घडतोय असं वाटतं.

दुसरा म्हणजे टाळणं. त्या दवाखान्याच्या रस्त्याने न जाणं, टाके किंवा बाळाची तपासणी पुढे ढकलणं, कुणी बाळंतपणाचा विषय काढला की उठून जाणं, नवऱ्याशी शरीरसंबंध नको वाटणं.

तिसरा म्हणजे मनाचा सूर बदलणं. 'माझ्यामुळेच झालं', 'मला नीट जोर लावता आला नाही' अशी अपराधीपणाची भावना, कशातच आनंद न वाटणं, बाळाबद्दल माया वाटत नाही म्हणून स्वतःची लाज वाटणं.

चौथा म्हणजे सतत सावध राहणं. दचकणं, चिडचिड, बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं, त्याचा श्वास चालू आहे ना हे दर पाच मिनिटांनी पाहणं.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अनेकींना रडू येतं, मन हळवं होतं. ते साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. उदासी, निराशा, थकवा आणि निरर्थकपणाची भावना त्याहून लांबली, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकतं. २०१७ मध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात याचं प्रमाण २२ टक्के आढळलं. म्हणजे पाचातल्या एका बाईहून जास्त. नैराश्य आणि पीटीएसडी एकाच वेळीही असू शकतात. पण नैराश्यात मनावर मळभ असतं आणि पीटीएसडीत मन एका ठरावीक प्रसंगात अडकून पडलेलं असतं.

भास होणं, कुणीतरी कट करतंय असं ठामपणे वाटणं, अजिबात झोप न येता असंबद्ध बोलणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, ही लक्षणं दिसली तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. अंगात आलं, बाहेरचं झालं म्हणून वेळ घालवायचा नाही. हा प्रसूतीनंतरचा तीव्र मानसिक आजार असू शकतो. तो हजारात एक-दोघींनाच होतो, पण उपचाराने बरा होतो.

आघात कशामुळे होतो?

काही कारणं वैद्यकीय असतात. जास्त रक्तस्राव, अचानक ठरलेलं सिझेरियन, चिमट्याने झालेली प्रसूती, खोलवर फाटणं, बाळाला अतिदक्षता विभागात हलवणं, बाळ दगावणं.

काही कारणं बाईच्या आधीच्या आयुष्यातली असतात. आधीचं नैराश्य, लैंगिक अत्याचार, आधीचं बिकट बाळंतपण, प्रसूतीची टोकाची भीती.

आणि काही कारणं वागणुकीतली असतात. कळा घेणाऱ्या बाईवर ओरडणं, टोमणे मारणं, न विचारता तपासणी करणं, पडदा न ओढणं, काय चाललंय ते न सांगणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये खास निवेदन काढून दवाखान्यातल्या प्रसूतीदरम्यान होणारा अपमान आणि गैरवर्तन हे बाईच्या हक्कांचं उल्लंघन असल्याचं म्हटलं. व्हेनेझुएलाने तर २००७ मध्येच प्रसूतीतल्या हिंसेची व्याख्या कायद्यात केली.

२०१८ च्या सूचनांमध्ये संघटनेने आणखी काही गोष्टी स्पष्ट केल्या. बाळ बाहेर यावं म्हणून पोटावर हाताने जोरात दाब देण्याची शिफारस केली जात नाही. सरसकट प्रत्येकीला छेद घेणं, सरसकट एनिमा देणं याचीही नाही. आणि कळांच्या वेळी बाईच्या पसंतीची व्यक्ती सोबत असावी, अशी शिफारस मात्र आहे.

भारतातही २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी देण्याची सूचना काढली. स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई असेल तर उत्तम, असं त्यात म्हटलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' या कार्यक्रमात लेबर रूममधली सन्मानाची वागणूक हा दर्जाचा भाग मानला गेला. दवाखान्यात नाव नोंदवतानाच 'आत सोबत कुणाला येता येईल?' हे विचारून ठेवलं, तर ऐन वेळची वादावादी टळते.

उपचार आहेत का?

आहेत. पीटीएसडीवर सर्वात जास्त पुरावा असलेले दोन उपचार म्हणजे आघातावर केंद्रित बोधनात्मक वर्तन उपचार आणि 'ईएमडीआर' ही डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी पद्धत. दोन्ही प्रशिक्षित तज्ज्ञांकडूनच घ्यायचे असतात. गरज असेल तर औषधंही दिली जातात. अंगावर पाजणाऱ्या आईलाही देता येतील अशी औषधं उपलब्ध आहेत, त्यामुळे 'गोळ्या घेतल्या तर दूध तोडावं लागेल' या भीतीने उपचार टाळायचं कारण नाही. फक्त ते डॉक्टरांना सांगायचं.

एक सावधगिरी मात्र हवी. बाईला समोर बसवून, तिची इच्छा नसताना सगळा प्रसंग एकाच बैठकीत पुन्हा बोलायला लावणं उपयोगाचं नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना अशा एकाच बैठकीच्या उजळणीच्या विरोधात आहेत. तिला बोलावंसं वाटेल तेव्हा, तिला हवं तेवढंच ऐकायचं.

अनेकींना आपल्या बाळंतपणात नेमकं काय झालं हेच माहीत नसतं. 'अचानक सगळे धावायला लागले आणि मला आत नेलं' एवढंच आठवतं. तब्येत सावरल्यावर डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जाऊन 'त्या वेळी काय झालं होतं, तो निर्णय का घेतला?' हे शांतपणे विचारणं हा तिचा हक्क आहे. कारण कळलं की स्वतःला दोष देणं बऱ्याचदा कमी होतं. पुढचं बाळंतपण कसं करायचं याचं नियोजनही त्यातूनच सुरू होतं.

मदत कुठून सुरू करायची? केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. ग्रामीण भागात दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर आशा सेविका तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत घरी येऊन जाते. ती बाळाचं वजन बघायला आली की आईची झोप आणि मनःस्थिती याबद्दलही तिला सांगायचं.

घरच्यांनी काय करायचं?

आपल्याकडे बाळंतिणीसाठी सव्वा महिन्याची विश्रांती, शेक-शेगडी, मालीश, डिंकाचे लाडू असं सगळं असतं. त्यात एका गोष्टीची भर घालायची. तिला विचारायचं, 'तुला कसं वाटतंय?' आणि उत्तर पूर्ण ऐकायचं.

'बाळ धडधाकट आहे ना, मग रडतेस कशाला?', 'आम्ही चार-चार बाळंतपणं काढली', 'सिझर झालं म्हणजे सुटलीस' ही वाक्यं टाळायची. बाळाचा आनंद आणि बाळंतपणाचं दुःख एकाच वेळी असू शकतं. एक असलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

रात्रीचं एखादं बाळाचं काम दुसऱ्या कुणीतरी घेऊन तिला सलग चार-पाच तास झोपू द्यायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिच्या परवानगीशिवाय बाळंतपणाची कहाणी सांगायची नाही. आणि नवऱ्याकडेही लक्ष द्यायचं. बायको-बाळाचा जीव धोक्यात असताना दाराबाहेर उभ्या राहिलेल्या वडिलांनाही असा आघात होऊ शकतो.

सव्वा महिना उलटला तरी झोप, भीती, चिडचिड, टाळाटाळ कमी होत नसेल, तर 'हळूहळू होईल ठीक' म्हणून थांबू नका.

तारखेच्या महिनाभर आधी ठरवून ठेवायच्या पाच गोष्टी

१. कोणत्या दवाखान्यात जायचं आणि तिथे रात्री-अपरात्री सिझेरियन व रक्ताची सोय आहे का? नसेल तर पुढे कुठे पाठवतात?

२. गाडी कोणती, चालवणारा कोण आणि तो नसेल तर दुसरा कोण? १०८ आणि १०२ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत का?

३. आत सोबत कोण येणार?

४. फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, ओळखपत्र, बाळाचे कपडे आणि पॅड असलेली पिशवी कुठे ठेवली आहे?

५. घरी मोठं मूल असेल तर ते कुणाकडे राहणार?

आणि सहावी गोष्ट सगळ्यांनी मिळून कबूल करायची. ती म्हणाली 'काहीतरी वेगळं वाटतंय', तर त्या वेळी वाद घालायचा नाही, निघायचं. दवाखान्यातून 'खोट्या कळा होत्या' म्हणून परत यावं लागलं, तर गेला तो फक्त वेळ आणि पेट्रोल.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या गरोदरपणाबद्दलचे निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)